तंबू, टिनाचं शेड की गाडी?

अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूरकडे निघालं, की समोर सातपुडा आणि त्यावर नरनाळ्याचा तट. मेळघाटच्या पायथ्याशी तंबू ठोकून मुक्काम करायचा, तर लोक सुटीचे महिने निवडतात. पण एप्रिल-मे हेच वऱ्हाडातल्या वावधनाचे दिवस. दुपारी अंगाची लाही होते, चारच्या सुमारास डोंगरामागून फुलकोबीसारखा ढग वर चढतो आणि दिवेलागणीच्या आत वारा, विजा, कधी गारासुद्धा.

याच महिन्यांत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा-कॅन्सासच्या सपाट मैदानांतून तंबू घेऊन फिरणारेही आभाळाकडे डोळे लावून असतात. तिथे मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते आणि पश्चिमेच्या उंच, रखरखीत पठारांवरून कोरडी. आपल्याकडे जमिनीलगतची बाष्पाची रसद समुद्रावरून, विशेषतः बंगालच्या उपसागराकडून येते आणि वायव्येकडून कोरडे वारे. या वाऱ्यांच्या सीमारेषेवर तापलेली हवा वेगाने वर उसळते, थंड होते आणि बाष्पाचं पाणी होताना सुटलेली उष्णता तिला आणखी वर रेटते.

फरक पडतो तो उंचावरच्या वाऱ्याने. आपल्या बहुतेक ढगांत पाऊस जिथून हवा वर चढते तिथेच कोसळतो आणि ढगाचा श्वास कोंडतो. तासाभरात खेळ संपतो. अमेरिकेच्या मैदानांवर उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलते. ढग कलतो, फिरू लागतो आणि पाऊस बाजूला पडतो. असा ढग तासन् तास जगतो. त्यातूनच चक्रीवात जमिनीला टेकतात. गाराही त्यातच पोसतात. २०१० साली साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी पडलेल्या गारेचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर आणि वजन जवळपास ८८० ग्रॅम होतं.

म्हणून आपलं वावधन सौम्य मानू नये. पावसाने गारठलेली जड हवा ढगातून खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. उकाड्यात अचानक लागणारी थंडगार झुळूक ही तिचीच आघाडी. त्यामागून येणारा झोत केळीच्या बागा आडव्या करतो, जुनी झाडं उपटतो. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिर परिसरात असंच घडलं. कडुनिंबाचं मोठं झाड टिनाच्या शेडवर कोसळलं आणि सात जणांचा जीव गेला. आडोसा म्हणून माणसं जिथे थांबली, तिथेच घात झाला.

विजेचंही तसंच. ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि जड कण एकमेकांवर आपटतात. बहुधा धन भार वर जातो, ऋण भार मध्यावर साचतो. वीज जमिनीवर उतरली की प्रवाह मातीतून पसरतो. दोन पायांखालच्या जमिनीत विद्युतदाबाचा फरक पडला, की तो शरीरातून वाट काढतो. गाई-बैलांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून धुऱ्यावरच्या एकाच झाडाखाली अख्खी जोडी दगावते. तंबूत आडव्या झोपलेल्या माणसालाही हाच धोका. कापड विजेला अडवत नाही.

बंद काचांची, लोखंडी टपाची मोटार मात्र वाचवते. टायरच्या रबरामुळे नव्हे. प्रवाह पत्र्याच्या बाहेरून वाहत जमिनीत जातो म्हणून. आत बसल्यावर धातूला हात लावू नये आणि गाडी झाडाखाली लावू नये. दुचाकीला हे संरक्षण नाही.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ती किलोमीटरभरावर पडली. पण मोजत बसण्यात अर्थ नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलोच. पक्क्या घरात किंवा गाडीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप परिसरातल्या विजांचा इशारा देतं. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून ते अकोटातच पाहून निघावं.

मुक्कामाची जागा ठरवताना सावली आणि नाल्याचा काठ आधी डोळ्यांत भरतो. वादळी दिवसांत नेमक्या याच दोन जागा टाळायच्या: सावलीचं झाड कोसळू शकतं आणि डोंगरात पाऊस झाला, की कोरडा नाला बघता बघता भरतो. तंबू मोकळ्या, सखल नसलेल्या जागी ठोका, गाडी हाकेच्या अंतरावर ठेवा आणि पहिली थंड झुळूक लागताच सगळ्यांना गाडीत बसवा. तंबू उडाला तर दुसरा घेता येतो.