अल्प खर्चात दुर्बीण कशी निवडावी?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील मुलांना पक्षी पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. हिवाळ्यात पिंपळगाव जोगे, येडगाव आणि डिंभे धरणांच्या जलाशयांवर पाहुणे पक्षी उतरतात. भीमाशंकरच्या रानात पावसाळी पहाटे शीळकरी कस्तूर गातो. मात्र जवळ जावे तर पक्षी उडतो आणि घरट्यावर असेल तर अंडी-पिले उघडी पडतात. त्याला त्रास न देता पाहावयाचे असेल, तर दुर्बीण हवी. ती मुलांना किंवा शाळेला भेट देऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी व माजी विद्यार्थ्यांसाठी ही माहिती देत आहोत.

दुर्बिणीवर ८×२५ किंवा १०×२५ असे आकडे असतात. पहिला आकडा पक्षी किती पट जवळ दिसेल ते सांगतो. ८ पटीच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ८×२५ मध्ये ती सुमारे ३ मिलिमीटर, १०×२५ मध्ये अडीच, तर ८×३२ मध्ये ४ मिलिमीटर असते. धरणाच्या काठी भर उन्हात अडीच-तीन मिलिमीटर पुरतात. भीमाशंकरच्या दाट सावलीत ४ मिलिमीटरचा फरक लगेच जाणवतो.

अधिक पट म्हणजे अधिक चांगली दुर्बीण, हा समज खर्चिक ठरतो. पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो, दृश्याचा आवाका बहुधा अरुंद होतो आणि उडता पक्षी सापडत नाही. म्हणून नवशिक्याने ८ पटींवर थांबावे. पैसे बेताचे असतील तर ८×२५, थोडे अधिक असतील तर ८×३२ घ्यावी.

जत्रेत किंवा पर्यटनस्थळी ‘३०×६०’ छापलेली, लाल चकाकीच्या भिंगांची छोटी दुर्बीण स्वस्तात मिळते. तिच्या पुढच्या भिंगावर पट्टी धरावी. व्यास ६० मिलिमीटर भरला नाही, तर पहिल्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये. अशा दुर्बिणीतून धूसर दिसले की मूल दोष स्वतःच्या डोळ्यांना देते आणि पक्षी पाहणेच सोडते. वाया गेलेल्या पैशांपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

मुलांच्या दोन डोळ्यांतील अंतर मोठ्यांपेक्षा कमी असते. मोठ्या दुर्बिणीच्या नळ्या पुरेशा जवळ येत नाहीत, मग मुलाला दोन वेगळी वर्तुळे दिसतात. मधोमध दोन बिजागऱ्या असलेली छोटी दुर्बीण अधिक मिटते, त्यामुळे लहान चेहऱ्याला ती सोयीची पडते. वजनानेही ती हलकी असते. चश्मा वापरणाऱ्याने डोळ्याकडील रबरी कडा दुमडून किंवा आत फिरवून संपूर्ण वर्तुळ दिसते का, ते पाहावे.

खरेदीपूर्वी दुकानाबाहेर येऊन दूरच्या फलकावरील अक्षरे वाचावीत. प्रथम डावा डोळा उघडा ठेवून मधले चाक फिरवावे. मग उजव्या डोळ्यासाठी उजव्या नळीवरील कडे जुळवावे. त्यानंतरही अक्षरे दुहेरी दिसली किंवा दोन मिनिटांत डोळे ताणले, तर ती दुर्बीण परत करावी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर जितकी कमी, तितके भिंग चांगले.

आपल्याकडील पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. धूळ आधी मऊ ब्रशने झटकावी, मगच स्वच्छ मऊ कापडाने भिंग पुसावे.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पाहुणे पक्षी जलाशयांवर येऊ लागतात तेही याच सुमारास. शाळेला दुर्बीण द्यावयाची असेल, तर तत्पूर्वी द्यावी. आणि एका महागड्या दुर्बिणीऐवजी पारखून घेतलेल्या दोन साध्या दुर्बिणी द्याव्यात, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या मुलालाही पक्षी उडण्याआधी पाहता येईल.