क्लार्क, एडमंड मेल्सन

क्लार्क, एडमंड मेल्सन : (२७ जुलै १९४५ – २२ डिसेंबर २०२०). अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ. संगणकाच्या मंडलांतील व आज्ञावलींतील दोष गणिती पद्धतीने, यंत्राच्याच साहाय्याने शोधून काढणाऱ्या ‘प्रतिमान तपासणी’ या पद्धतीचे एक जनक. या कार्याबद्दल त्यांना २००७ सालचे ट्यूरिंग पारितोषिक ई. ॲलन एमर्सन व जोसेफ सिफाकिस यांच्याबरोबर विभागून मिळाले.

क्लार्क यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे झाला. व्हर्जिनिया विद्यापीठाची गणित विषयातील पदवी (१९६७) व ड्यूक विद्यापीठाची एम्.ए. (१९६८) मिळविल्यानंतर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच्.डी. संपादन केली (१९७६). ड्यूक व हार्व्हर्ड या विद्यापीठांत अध्यापन केल्यावर १९८२ मध्ये ते पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात आले.

आज्ञावली काही वेळा चालवून पाहिल्याने तिच्यातील काही दोष उघड होतात. परंतु दोष उरलाच नाही, अशी खात्री त्यामुळे मिळत नाही. रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) व सी. ए. आर. होअर (१९६९) यांनी आज्ञावलीची अचूकता तर्कशास्त्राने सिद्ध करण्याचे मार्ग दाखविले होते. तथापि अशा सिद्धता माणसाला स्वतः रचाव्या लागत. लहानशा आज्ञावलीसाठीही हे काम दीर्घ व किचकट होई.

१९८१ मध्ये क्लार्क व त्यांचे विद्यार्थी एमर्सन यांनी वेगळा मार्ग सुचविला. चौकातील वाहतूक दिव्यांचे उदाहरण घेतल्यास तो स्पष्ट होईल. एकमेकांस छेदणाऱ्या दोन रस्त्यांचे दिवे एकाच वेळी हिरवे होता कामा नयेत आणि थांबलेल्या प्रत्येक वाहनास केव्हा ना केव्हा वाट मिळाली पाहिजे, अशा अटी कालविषयक तर्कशास्त्राच्या सूत्रांत मांडता येतात. दिव्यांची नियंत्रक यंत्रणा ज्या ज्या अवस्थांत जाऊ शकेल, त्या सर्वांचे प्रतिमान तयार करून संगणक त्या अटी तपासतो. अट मोडत असल्यास ती कोणत्या क्रमाने मोडते, याचे प्रतिउदाहरण तो सहसा देतो. अभियंत्याच्या दृष्टीने या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा लाभ होय. फ्रान्समध्ये सिफाकिस व झां-प्येर केय यांनी याच सुमारास स्वतंत्रपणे अशीच पद्धत मांडली.

या पद्धतीपुढील मुख्य अडचण अवस्थांच्या प्रचंड संख्येची होती. दोनच मूल्ये घेणारे १० घटक असल्यास १,०२४ अवस्था संभवतात. २० घटकांना ती संख्या १०,४८,५७६ होते. क्लार्क यांच्या पुढील संशोधनाचा मोठा भाग या अडचणीवर मात करण्यात गेला. त्यांचे विद्यार्थी केनेथ मॅकमिलन यांनी प्रत्येक अवस्था सुटी न नोंदता अवस्थांचे संच सूत्ररूपाने हाताळण्याची युक्ती काढली. तिच्यासाठी रँडल ब्रायंट यांच्या निर्णय-आकृत्या उपयोगी पडल्या. त्यामुळे एकावर वीस शून्ये इतक्या अवस्था असलेल्या मंडलांचीही तपासणी शक्य झाली (१९९०). या गटाने १९९२ च्या सुमारास फ्यूचरबस प्लस या प्रमाणित संगणकीय जोडणीच्या नियमांत तोपर्यंत लक्षात न आलेले दोष दाखवून दिले. पुढे ठराविक पायऱ्यांपर्यंतच तपासणी करणारी पद्धत (१९९९), प्रतिउदाहरणाच्या आधारे ढोबळ प्रतिमान हळूहळू सूक्ष्म करीत नेण्याची पद्धत (२०००) आणि सी भाषेतील आज्ञावली तपासणारे साधन (२००४) त्यांनी सहकाऱ्यांसमवेत विकसित केले.

अशा तपासणीची निकड १९९४ मध्ये प्रकर्षाने जाणवली. इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रक्रियकातील भागाकार करणाऱ्या मंडलात दोष आढळला आणि कंपनीला त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्यानंतर प्रक्रियकांच्या निर्मितीत गणिती पडताळणीला अधिक महत्त्व आले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तिने मिळणारी ग्वाही प्रतिमानापुरती व मांडलेल्या अटींपुरतीच असते. जी अट मांडलीच नाही, तिचा भंग यंत्र दाखवू शकत नाही. कोणतीही आज्ञावली थांबेल की नाही हे ठरविणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्येच दाखविले होते. तरीही विशिष्ट यंत्रणेबद्दल विशिष्ट प्रश्नाचे निश्चित उत्तर मिळविता येते, हे क्लार्क यांच्या कार्याने व्यवहारात सिद्ध झाले.

ऑर्ना ग्रुमबर्ग व डोरॉन पेलेड यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोव्हिड-१९ या रोगाने पिट्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.