लायसन्स लिहिलं नाही, तर कोड कोणाचा?

नांदगाव-मनमाडकडची मुलं हल्ली स्वतः लिहिलेला कोड गिटहबवर टाकतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लायसन्सचं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : "लायसन्स कशाला? कोड सगळ्यांसमोर ठेवलाय, म्हणजे सगळ्यांचाच झाला की!" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता शांतपणे समजावणं जड जातं. ते थोडंफार चुकलेलं नाही, साफ उलटं आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. १९८४च्या दुरुस्तीनं त्यात कॉम्प्युटर प्रोग्रामचा समावेश साहित्यकृतींमध्ये झाला. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, तेच तुमच्या पायथनच्या फायलीला. त्यासाठी नोंदणी लागत नाही, गोलातला सी लागत नाही, 'सर्व हक्क राखीव' असंही लिहावं लागत नाही. कोड लिहिला त्या क्षणी हक्क लागू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नक्कल करायची, बदल करायचा, पुढे वाटायचं, तर परवानगी हवी, आणि मालकाचं गप्प बसणं ही परवानगी नव्हे. गिटहबच्या अटींनुसार सार्वजनिक कोड इतरांना तिथल्या तिथे पाहता येतो, फोर्क करता येतो. त्यापलीकडचा हक्क लायसन्सशिवाय मिळत नाही, हे गिटहबनं लायसन्स निवडीसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता याचा परिणाम बघा. समजा, नांदगावच्या एका मुलीनं कांद्याच्या लिलावानंतर हिशेबपट्टी काढणारा प्रोग्राम लिहिला. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं त्यात आलं. तिची इच्छा एवढीच, की येवल्यानं, लासलगावनं तो खुशाल वापरावा. लायसन्सची फाईल मात्र ठेवली नाही. मालेगावच्या एखाद्या जाणत्या प्रोग्रामरनं तो पाहिला, तर तो हात लावणार नाही. त्याला त्यात वाहनाचा नंबर जोडायचा असेल, मोबाइलवर पावती पाठवायची असेल, तरी नाही. कंपनीत असेल तर तिथला कायदा विभागच अडवेल. आणि ज्याला कायद्याची फिकीर नाही, तो उचलून स्वतःच्या नावानं विकेल. ज्यांनी वापरावं असं तिला वाटत होतं ते लांब राहिले आणि ज्याच्यापासून जपायला हवं होतं त्याला काहीच अडलं नाही.

"पण मी फोनवर सांगितलं ना, वापर म्हणून!" हेही पुरेसं नाही. कायद्याचं कलम ३० हक्कदाराला लायसन्स देण्याची मुभा देतं, ती लेखी. त्याहून महत्त्वाची कलम १९ची पोटकलमं, जी कलम ३०-अमुळे लायसन्सलाही लागू होतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर परवानगी भारतापुरती धरली जाते. म्हणून "कोणीही वापरा, धन्यवाद" अशी स्वतःच्या शब्दांतली एक ओळ रीडमीत टाकून भागवू नये. अपाची २.०च्या मजकुरात परवानगी कायमची आणि जगभरासाठी असल्याचं शब्दांत लिहिलेलं आहे, शिवाय पेटंटचीही सोय आहे. एमआयटी लायसन्स छोटं आणि लोकप्रिय खरं, पण त्यात मुदत आणि प्रदेश यांचा उल्लेख नाही. भारतात बसून छोटी लायब्ररी खुली करणाऱ्याला मी म्हणूनच अपाची सुचवतो.

मग जीपीएल कधी? दुसऱ्यानं सुधारलेली प्रत वाटली, तर तिचा कोडही त्याच अटींवर खुला राहावा, असं वाटत असेल तेव्हा. यावर लगेच दुसरा गैरसमज पुढे येतो : जीपीएल घेतलं की पैसे कमावता येत नाहीत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीकडे बघा. हिशेब आणि मालसाठा सांभाळणारं त्यांचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३खाली आहे. कंपनी होस्टिंग आणि सपोर्टचे पैसे घेते. इतर लोकही त्याच कोडवर सेवा विकतात, आणि तेही कायदेशीर आहे. ज्या फ्रेमवर्कवर ते उभं आहे ते मात्र एमआयटीखाली, म्हणजे त्यावर कोणी बंदिस्त उत्पादन बांधलं तरी चालतं. त्यांचं फ्रॅपे सीआरएम आणखी कडक, एजीपीएलखाली. एकाच घरात तीन लायसन्सं, कारण प्रत्येक वस्तूकडून अपेक्षा वेगळी. हिशेबपट्टीवाल्या मुलीनंही हाच प्रश्न स्वतःला विचारावा : माझ्या कोडमध्ये दुसऱ्यानं केलेली सुधारणा पुढे वाटली गेली, तर तिचा कोडही खुला राहायला हवा का? हवा असेल तर जीपीएल. प्रोग्राम सर्व्हरवर ठेवून लोक ब्राउझरमधून वापरणार असतील तर एजीपीएल, कारण नुसतं सर्व्हरवर चालवणं हे जीपीएलच्या लेखी वाटप नाही.

बाकीचे समज लवकर आटपतात. जीपीएलचा प्रोग्राम घरात किंवा दुकानात बदलून वापरला तर कोड जाहीर करावा लागतो? नाही, प्रत दुसऱ्याला दिली तरच त्याला कोड द्यावा लागतो. कोर्टात ही लायसन्सं टिकत नाहीत? जीपीएलची अट २००४ साली म्युनिकच्या न्यायालयानं मान्य केली, आणि अमेरिकेत २००८च्या जेकबसन विरुद्ध कॅटझर खटल्यात अपील न्यायालयानं मुक्त लायसन्सच्या अटी कॉपीराइटच्या बळावर लागू होतात असं म्हटलं. कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स चालतं? ती संस्था स्वतःच सॉफ्टवेअरसाठी ते वापरू नका म्हणते. 'व्यावसायिक वापर वर्ज्य' अशी अट घातली तर कोड मुक्त राहतो? नाही, ओपन सोर्सच्या व्याख्येत अशा भेदाला जागाच नाही. मुक्ता किंवा बालू फॉन्ट लग्नपत्रिकेत, फ्लेक्सवर वापरला तर पैसे? मुळीच नाही, ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, फक्त नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही.

लायसन्स नंतर बदलता येईल, हा भरवसाही सांभाळून ठेवावा. कोड एकट्याचा असेल तोवर ठीक, तरी आधी वाटलेल्या प्रतींवरची परवानगी सहसा मागे घेता येत नाही. दहा जणांनी भर घातली की दहाही जणांची संमती लागते. व्हीएलसी प्लेयरच्या मंडळींना २०११-१२मध्ये जीपीएलवरून एलजीपीएलकडे जाताना जुन्या प्रोग्रामरना शोधून शोधून होकार मिळवावे लागले. आणि नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मुळात मालकाचा असतो, वेगळा करार नसेल तर. कलम १७ तसंच सांगतं. तो खुला करण्याआधी साहेबांची सही घ्या.

करायचं काम पाच मिनिटांचं आहे. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लायसन्स' नावाची फाईल ठेवा, निवडलेल्या लायसन्सचा मूळ मजकूर एक शब्दही न बदलता त्यात टाका आणि कॉपीराइटच्या ओळीत वर्ष अन् आपलं नाव लिहा. दुसऱ्याचा कोड वापरला असेल तर त्याची ओळ पुसू नका. एमआयटीसारखं उदार लायसन्सही एवढं मागतंच. आणि आवडलेल्या कोडला लायसन्स नसेल, तर उचलण्याआधी लेखकालाच इश्यू उघडून विचारा. बहुतेकदा तो विसरलेला असतो.