मूळव्याध : कोणती शस्त्रक्रिया, कोणासाठी?

कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला भिंतींवर आणि गाडीच्या डब्यात एक जाहिरात हटकून दिसते : 'मूळव्याधीवर बिनाऑपरेशन खात्रीचा इलाज.' मुरबाड-शहापूरकडचा माणूस लाजेपायी दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतो आणि शेवटी अशा पाटीच्या मागे जातो. म्हणून या रोगावरच्या शस्त्रक्रियांचा आज थोडा विचार करू.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. सदा कुंथल्याने त्या फुगून खाली सरकतात; त्यांनाच आपण मोड म्हणतो. रोगाच्या पायऱ्या चार. पहिलीत नुसते रक्त पडते. दुसरीत मोड बाहेर येतो, पण आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने सारावा लागतो. चौथीत तो आत जातच नाही.

सुश्रुतसंहितेत औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. आजही पहिल्या पायरीला आहार आणि औषध बहुधा पुरते. तेवढ्याने भागले नाही, किंवा दुसरी पायरी असली, तर मोडाच्या बुडाशी रबरी कडे चढवतात. रक्तपुरवठा तुटून मोड काही दिवसांत गळतो. भूल द्यावी लागत नाही. मात्र कधी कधी पुन्हा कडे घालावे लागते.

पुढच्या पायऱ्यांना मोड कापून काढण्याची रीत आहे. मिलिगन आणि मॉर्गन यांनी ती १९३७ साली लंडनमध्ये मांडली. पहिले काही आठवडे शौचाला बसणे जड जाते, पण मोड परतण्याचा संभव कमी. १९९८ साली इटलीच्या लोंगो यांनी यंत्राने टाके घालण्याची रीत पुढे आणली. तिच्यात सुरुवातीचे दुखणे थोडे. पण २०१६ साली ब्रिटनमधील ७७७ रोग्यांच्या पाहणीत त्रास परतण्याचे प्रमाण तिच्यातच जास्त आढळले. लेसरचाही हिशेब साधारण असाच. म्हणजे आज कमी दुखेल की उद्या कमी परतेल, हा खरा सौदा आहे. रोगी कोणत्या पायरीवर आहे, हे पाहूनच तो करावा.

आणि एक गोष्ट शिक्षकांनी गावात जरूर सांगावी. शौचातून पडणारे रक्त दर वेळी मूळव्याधीचेच असते असे नाही. आतड्याच्या कर्करोगातही ते पडते. तेव्हा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचे रुक्मिणीबाई असो की डोंबिवलीचे शास्त्रीनगर, आधी केसपेपर काढावा, तपासून घ्यावे. जाहिरात नंतर वाचली तरी चालेल!