कारखान्यातले धोके, लेखांक ७ : माणसं बसतात कुठे?

गळालेला वायू पाइपांच्या गर्दीत शिरला की ज्योतीचा वेग का वाढतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता पुढचा प्रश्न: स्फोटाच्या दाबापुढे जास्त कोण तग धरतं, माणूस की इमारत?

माणूस. कानाचा पडदा फाटायला सुमारे ३५ किलोपास्कल जादा दाब लागतो आणि फुप्फुसांना गंभीर इजा व्हायला १००च्या आसपास. खिडकीची काच मात्र एक-दोन किलोपास्कललाच तडकते. लोखंड न घातलेली साधी ब्लॉकची भिंत १५-२०ला कोसळू शकते. १५ किलोपास्कल म्हणजे दर चौरस मीटरला दीड टन. तीन मीटर उंच आणि तेवढ्याच रुंद भिंतीवर साडेतेरा टनांचा आडवा धक्का, तोही क्षणार्धात. ज्वाळांचा आणि उडणाऱ्या तुकड्यांचा हिशोब वेगळा. पण नुसत्या दाबाने जो माणूस उघड्यावर वाचला असता, तोच छपराखाली सापडून मरतो.

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला १ जून १९७४ रोजी हेच झालं. तात्पुरता बसवलेला जोडपाइप फुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ जण गेले. त्यातले १८ कंट्रोल रूममध्ये होते. शनिवार होता म्हणून कचेऱ्या रिकाम्या होत्या. जोखीम मोजताना अशा नशिबाला शून्य गुण द्यावेत.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीची रिफायनरी तर याहून बोलकी. बीपी कंपनीच्या या रिफायनरीत २३ मार्च २००५ला एक युनिट पुन्हा सुरू होत होतं. सुमारे ५२ मीटर उंच मनोऱ्यात द्रव प्रमाणाबाहेर भरला. पातळी दाखवणारं यंत्र चुकीचा आकडा दाखवत होतं. जास्तीचा द्रव ज्या जुन्या ब्लोडाऊन ड्रमकडे गेला, त्याची चिमणी थेट हवेत उघडी होती. तिच्या तोंडातून कारंजं उडालं, खाली ढग साचला आणि बहुधा जवळच इंजिन चालू असलेल्या एका डिझेल गाडीमुळे तो पेटला. १५ ठार, १८० जखमी.

मेलेले सगळे कंत्राटदारांची माणसं, आणि सगळे ट्रेलरमध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या तात्पुरत्या केबिनांमध्ये, किंवा त्यांच्या आसपास. त्यांचा त्या युनिटशी संबंधही नव्हता. शेजारच्या युनिटच्या शटडाऊनसाठी ट्रेलर आणून ठेवले होते. सगळ्यात जवळचा ड्रमपासून जेमतेम ३७ मीटरवर. जागा बदलताना करायची तपासणी पुरी होण्याआधीच त्यांत माणसं बसू लागली होती. पलीकडे युनिट सुरू होतंय, हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

म्हणून जोखमीचं मूल्यमापन करताना मी आधी नकाशावर माणसं मांडायला सांगेन, रसायनं नंतर. कुठल्या खोलीत किती जण, किती तास, आणि त्यातल्या कितींना तिथे बसायची खरोखर गरज आहे? मग संभाव्य गळती, ढगाचा आकार, पाइपांची दाटी यांवरून प्रत्येक इमारतीपर्यंत पोहोचणारा दाब काढायचा आणि ती इमारत तो सोसेल का, ते तपासायचं. गणिताच्या पद्धती बऱ्याच आहेत, आकडे थोडेफार वेगळे येतात. त्यावर तज्ज्ञ तासन्‌तास भांडतात. मला त्या भांडणापेक्षा वार्षिक सरासरीची भीती जास्त वाटते. वर्षभर ओस असलेल्या पोर्टा केबिनमध्ये शटडाऊनचे तीन आठवडे वीस माणसं बसतात. सरासरी काढली की ती दोनसुद्धा भरत नाहीत, आणि अहवालात जागा ‘कमी वर्दळीची’ ठरते. शटडाऊननंतर युनिट सुरू होण्याचा काळ तर सगळ्यात नाजूक.

उपाय ठरवताना क्रमही महत्त्वाचा. आधी माणसं हलवा. ज्यांना हलवता येत नाही, त्यांच्यासाठी स्फोट सोसणारी कंट्रोल रूम बांधा. काचेवर फिल्म चिकटवणं सगळ्यात शेवटी, कारण चौकटच सुटली तर फिल्मसकट काच आत येते. टेक्सास सिटीनंतर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००७मध्ये हलवता येणाऱ्या केबिनांसाठी वेगळी मार्गदर्शक पद्धत काढली.

हे सगळं कुंपणाच्या आतलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांत आसपासच्या इमारतींच्याही काचा फुटल्या, आणि तिथे राहणाऱ्यांना कोणी हलवू शकत नाही. कुंपणाबाहेरचा हिशोब पुढच्या आठवड्यात.