निबंध ही शिक्षा नव्हतीच

समजा, दिल्लीच्या सरोजिनी नगर मार्केटमध्ये रविवारची गर्दी आहे. कुर्त्यांच्या ढिगावर वाकलेल्या बाईंच्या पर्समधला मोबाइल गेला आणि लोकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोराला धरलं. दोन थपडा बसतात, मग कुणीतरी म्हणतंच, "काय उपयोग? अल्पवयीन आहे. निबंध लिहील आणि सुटेल."

हा निबंध पुण्याचा. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने ती चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन दिला आणि त्याच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. संताप रास्तच होता, पण निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. मुख्य म्हणजे मुलांना कोर्टाबाहेर वळवण्याच्या तरतुदीशी या प्रकरणाचा काही संबंध नव्हता. ती तरतूद आपल्या मार्केटमधल्या पोरासारख्यांसाठी आहे.

गैरसमज असा, की अठरा वर्षांखालच्यांना सगळंच माफ. वस्तुस्थिती: 2015 चा बाल न्याय कायदा गुन्ह्यांचे तीन थर करतो. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ, त्याहून जास्त असेल तर गंभीर, आणि किमान शिक्षाच सात वर्षं किंवा अधिक असेल तर अतिगंभीर. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालू शकतो. ही तरतूद आली दिल्लीतल्या 16 डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर. मार्केटमधली मोबाइलचोरी मात्र किरकोळ. गंमत म्हणजे तोच मोबाइल प्रवासी बसमधून चोरला, तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम लागतं आणि गुन्हा वरच्या थरात जातो.

दुसरा गैरसमज, की पकडलं म्हणजे एफआयआर, लॉकअप आणि कोर्ट. वळण असतं ते ठाण्यातच. 2016 च्या नियमांनुसार अतिगंभीर गुन्हा किंवा प्रौढांबरोबर केलेला गुन्हा सोडला, तर मुलावर एफआयआर नोंदवायचाच नाही. साध्या कपड्यातला बालकल्याण पोलीस अधिकारी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करतो आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरतो: घरी कोण आहे, शाळा कधी सुटली, संगत कुणाची. बेडी नाही, कोठडी नाही. हा अहवाल मंडळापुढे जातो. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला. किरकोळ प्रकरण चार महिन्यांत संपवायचं, फार तर आणखी दोन. कागदावर, हं! जून 2021 अखेर दिल्लीत अशी 1,100 हून अधिक प्रकरणं वर्षापेक्षा जास्त काळ रेंगाळलेली होती. शेवटी उच्च न्यायालयाने ती बंद करायला लावली. माझ्या मते खरा दोष इथे आहे. कोर्टाशिवाय मार्ग काढा, हे तत्त्व कायद्यात आहे, पण तो कसा काढायचा याच्या पायऱ्या धड आखलेल्या नाहीत. न्यूझीलंडने 1989 मध्येच कुटुंबाला, पोलिसांना आणि ज्याचं नुकसान झालं त्याला एकत्र बसवण्याची पद्धत कायद्यात घातली.

तिसरा गैरसमज, 'सुटला तो सुटला'. मंडळ समज देतं, समुपदेशन लावतं, समाजसेवा करायला लावतं, पालकांना दंड भरायला सांगतं, परिवीक्षेवर ठेवतं. अगदीच गरज पडली तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृह.

आणि पोरामागे टोळी चालवणारा कुणी प्रौढ निघाला, तर त्याला याच कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तो सहसा गर्दीच्या हाती लागत नाही.

तेव्हा असं पोर सापडलं तर ठाण्यात नेऊन बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला बोलवा. पोराचा चेहरा दिसणारा व्हिडिओ मात्र ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि तुम्ही काही अल्पवयीन नाही.