ताटाचाही उतारा मोजू या



गळीत हंगाम सुरू झाला की पारावर एकच प्रश्न निघतो, "औंदा उतारा किती?" तो रास्तच आहे. पाच लाख टन गाळपात उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला, तरी पाच हजार क्विंटल साखर हातची जाते. म्हणून कारखान्यात आपण काही वाया जाऊ देत नाही. बगॅस बॉयलरला, मळी आसवनीला, प्रेसमड शेताला. पण आपणच लग्नाच्या पंगतीतून उठतो, तेव्हा पानात निम्मा भात तसाच असतो. त्याचा उतारा कुणी विचारीत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले साठ टक्के घराघरांतून. भारतात हा अंदाज घरटी नव्हे, माणशी वर्षाला ५५ किलो आहे, साली-देठे धरून. सहा माणसांच्या घराला ३३० किलो, म्हणजे क्विंटलची तीन पोती भरून वर थोडे.

पण आकडे ऐकून सवय मोडत नाही. ज्याला-त्याला आपापले कारण सापडावे लागते. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांना ते शोधावे लागत नाही. खडी फोडून, सुकडी खाऊन, रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापून ज्या आजीने दिवस काढले, ती आजही परातीतले पीठ बोटाने निपटून घेते. त्याला कंजूषपणा म्हणू नये. तरुण सभासदांनी ते दिवस पाहिले नाहीत. त्यांनी पाण्याचा हिशेब करावा. एक किलो तांदळामागे, जगाच्या सरासरीने, अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडते. पाण्याच्या पाळीसाठी रात्री-अपरात्री बांधावर जाणाऱ्याला याहून जास्त काय सांगावे?

"वाया कुठं जातंय? गुरांना घालतो की!" असेही बरेच जण म्हणतात. इथे सावध राहावे. कार्यात उरलेला भात, पोळ्या, जिलेबी जनावराने एकदम पोटभर खाल्ली, तर कोठीपोटात आम्लता वाढते, रवंथ बंद होतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास जनावर दगावते. फुकटचे खाद्य म्हणून घातले आणि दावणीची दुभती गाय गेली, असे व्हायला नको.

पंगतीतली बरीच नासाडी आग्रहापायी होते. पाहुणा "नको, नको" म्हणत हात आडवा धरतो आणि आपण बोटांच्या फटीतून वाढतो. यात मान आहे असे आपण समजतो. खरा मान विचारून वाढण्यात आहे. वाढप्यांनी पहिली फेरी थोडीथोडी करावी, दुसरी मात्र चुकवू नये. घरी शिळ्या भाकरीचा काला आणि फोडणीचा भात आहेच. पण बाहेर जेवून येणाऱ्या गड्याने घरात आधी तेवढे सांगितले, तर शिळे उरेलच कशाला?

येत्या लग्नसराईत आपल्या घरच्या कार्यात उष्ट्याच्या बादल्या किती भरल्या, ते यजमानाने एकदा स्वतः उभे राहून मोजावे. आकडा आम्हाला जरूर कळवावा. नाव न घालता पुढच्या अंकात छापू.